कृत्याची कबुली म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे

‘खरा सत्याग्रही न्यायालयात बचाव करत नाही, मुकाट्याने शिक्षा घेतो, आजचे आंदोलक मात्र वकील लावून सुटू पाहतात,’ असे विधान हल्ली सर्वत्र फिरते आहे. सविनय कायदेभंगाच्या खटल्यांचा इतिहास पाहिला, तर ते टिकत नाही.

पहिली हरकत ‘मुकाट्याने’ या शब्दाला आहे. १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेत गांधीजींनी राजद्रोहाचा आरोप मान्य केला हे खरे. परंतु राजनिष्ठ माणूस राज्याचा विरोधक कसा बनला याचे सविस्तर निवेदन त्यांनी तिथेच वाचून दाखवले आणि न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यापुढे दोनच मार्ग ठेवले: कायदा योग्य वाटत असेल तर कमाल शिक्षा द्यावी, नाहीतर पद सोडावे. शिक्षा ६ वर्षांची झाली, पण निवेदन ऐकले गेले.

बचाव म्हणजे पळवाट, हा दुसरा समज. जून २०२० मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात गुलामांचा व्यापारी एडवर्ड कोल्स्टन याचा पुतळा दोर बांधून खाली ओढला गेला आणि बंदराच्या पाण्यात ढकलला गेला. त्याबद्दल खटला भरलेल्या चौघांनी आपला सहभाग कधीच नाकारला नाही. तो गुन्हा ठरतो, एवढेच नाकारले. जानेवारी २०२२ मध्ये ज्युरीने, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने, त्यांना निर्दोष ठरवले. चेहरा न लपवता ‘होय, हे मी केले, आणि का केले ते ऐका’ असे सांगणाऱ्याला पळपुटा म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

न्यायालयात हेतूची चर्चा नको, हा तिसरा मुद्दा. ज्युरीने सहानुभूतीवर निकाल देऊ नये ही चिंता रास्त आहे. पण २०२३ मध्ये लंडनच्या एका न्यायालयात हवामान बदलाच्या प्रश्नावर रस्ता अडवणाऱ्या आरोपींना हवामान बदलाचा उल्लेख करण्यास मनाई झाली, आणि ती मोडणाऱ्या काहींना अवमानाबद्दल तुरुंगात जावे लागले. ‘का’ हेच सांगता येणार नसेल, तर शिक्षा स्वीकारण्याच्या ज्या आदर्शाचे गोडवे गायले जातात, त्यात उरते ती फक्त शिक्षा.

त्याच न्यायालयाबाहेर एक निवृत्त समाजसेविका हातात फलक धरून उभी राहिली: सदसद्विवेकाला स्मरून आरोपीला निर्दोष ठरवण्याचा ज्युरीला पूर्ण अधिकार आहे. निकालाबद्दल ज्युरीला शिक्षा करता येत नाही असे ठरवणाऱ्या १६७० च्या बुशेल खटल्यापासून मान्य असलेले हे तत्त्व लंडनच्याच ओल्ड बेली न्यायालयात संगमरवरी पाटीवर कोरलेले आहे. तरीही सरकारने तिच्यावर न्यायालयाच्या अवमानाची कारवाई मागितली. एप्रिल २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने ती चालवण्यास परवानगी नाकारली.