जोड न बघता लावलेली कुस्ती

शाळा सुरू झाल्यापासून एक मेसेज कोल्हापुरातल्या पालकांच्या ग्रुपांवर फिरतोय. मला तो तीन ठिकाणांहून आला: पोराच्या वर्गाच्या ग्रुपवर, जुन्या तालमीच्या ग्रुपवर आणि माझ्या साडूकडून. मथळा ‘पोरांना वाघ बनवा’. मजकूर थोडक्यात असा: शाळेत दंगामस्ती चालायचीच, त्यानं पोरं टणक होतात. मार खाऊन आलं तर घरात घेऊ नका, मारून ये म्हणा. शाळेत तक्रार करू नका, त्रास वाढतो आणि पोर चुगलखोर ठरतं. फारच झालं तर त्या पोराच्या बापाला चौकात गाठा. कायद्याच्या नादाला लागू नका, अठराच्या आतल्यांना तो लागतच नाही. काहीच जमलं नाही तर शाळा बदला. खाली शड्डू ठोकणाऱ्या पैलवानाचा फोटो आणि ‘खरा कोल्हापूरकर असाल तर पुढे पाठवा’.

मी मंगळवार पेठेत वाढलो, वयाच्या एकोणिसाव्या वर्षापर्यंत तालमीच्या लाल मातीत लोळलो, आता उद्यमनगरात लेथवर पोट भरतो. त्यामुळं माझ्या कोल्हापूरकर असण्यावर कुणी शंका घेणार नाही. आणि हाच सल्ला दोन वर्षांपूर्वी मी स्वतःच्या पोराला दिला होता. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘चालायचंच, पोरं टणक होतात’

डब्यावरून, क्रिकेटच्या आउटवरून, बाकावरच्या जागेवरून पोरं भांडतात आणि मधल्या सुट्टीत एकत्र बोरं खातात. त्यात आईबापांनी पडू नये, इथवर मेसेज बरोबर आहे. अडचण ही की आपण ‘दंगा’ या एकाच शब्दात सगळं बसवतो. नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी आयुष्यभर याच विषयावर काम केलं. त्यांनी भांडण आणि छळ यांतला फरक तीन खुणांनी सांगितला: मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा केलेलं, आणि दोघांची ताकद समान नसलेली. ताकद म्हणजे फक्त दंड नव्हे. तिघं विरुद्ध एक, नववी विरुद्ध सातवी, जात, रंग, बोबडेपण, बापाचं हातगाडीवाला असणं, हे सगळं त्या तराजूत येतं.

आणि टणक होतात म्हणाल, तर ब्रिटनमध्ये 1958 साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांची आयुष्यभर नोंद ठेवली गेली आहे. सात आणि अकरा वर्षांचं असताना ज्यांचा छळ झाला होता, त्यांच्यात पन्नाशीतही नैराश्य आणि चिंतेचं प्रमाण जास्त आढळलं. चाळीस वर्षांनंतर. ‘विसरून जातात हो पोरं’ म्हणणाऱ्यांनी हे एकदा मनात घोळवावं.

माझा पोरगा तेव्हा सातवीत होता. शाळेतून आला की दप्तर फेकून थेट संडासाकडं पळायचा. आम्हाला वाटलं, सवय असेल. आई तर हसायची, ‘आलं बघा मेल ट्रेन’ म्हणून. चार महिन्यांनी कळलं की तो शाळेतल्या मुतारीत जातच नव्हता, कारण तिथं नववीतली तिघं उभी असायची. तो सकाळपासून पाणीही पीत नव्हता. बाटली भरलेली जायची, भरलेली यायची, आणि ते आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. दर सोमवारी पोट दुखणं, वह्या हरवणं, खाऊचे पैसे ‘पडणं’, रिक्षा नको म्हणणं, अशा गोष्टींकडं बघा. ‘मला त्रास देतात’ हे वाक्य पोर सगळ्यात शेवटी बोलतं, आणि कित्येकदा बोलतच नाही.

‘मार खाऊन येऊ नको, मारून ये’

इथं मला थोडं सविस्तर बोलायचंय, कारण या मुद्द्यासाठी मेसेजवाल्यानं तालमीला साक्षीला बोलावलंय.

तालमीत पहिल्या दिवशी काय होतं? वस्ताद नव्या पोराला हौदात सोडतात ते एखाद्या थोराड पैलवानासोबत, पण त्या थोराडाला आधी दम असतो, ‘खेळव त्याला, दाबू नगो.’ मैदानात कुस्ती लावायची तर आधी जोड बघतात. वय, वजन, तयारी. जोड जमत नसेल तर पब्लिक आरडाओरडा करतं. दोघं हात मिळवतात, पंच आत असतो, पाठ टेकली की विषय संपला. हरलेल्याला उद्या कुणी मुतारीत अडवत नाही. आता सांगा, नववीतली तिघं आणि सातवीतलं एक, ना पंच, ना वेळ, ना शेवट, याला कुस्ती कोण म्हणेल? कुठला वस्ताद असली जोड लावेल?

आणि कोल्हापूरच्या कुस्तीचं म्हणून खासबाग मैदानाचं नाव घ्यायचं तर ते मैदान बांधणाऱ्याचंही घ्या. शाहू महाराज स्वतः पैलवान गडी, कुस्तीचे आश्रयदाते. त्यांच्या तबेल्यात काम करणाऱ्या गंगाराम कांबळेंना पाण्याला शिवल्याच्या रागातून मारहाण झाली. महाराज त्यांना ‘तूही जोर-बैठका काढ’ म्हणाले नाहीत. मारणाऱ्यांना शिक्षा केली, गंगारामांना चहाचं हॉटेल काढायला पाठबळ दिलं आणि स्वतः जाऊन तिथला चहा प्याले. ज्याच्या हातात ताकद होती त्यानं ती मार खाणाऱ्याच्या पाठीशी उभी केली. आपल्या पोराच्या बाबतीत ती ताकद आपण आहोत, शाळा आहे. आपण ती बाजूला काढून घेतो आणि वर पोरालाच भित्रा म्हणतो.

माझ्या सल्ल्याचं काय झालं तेही सांगतो. पोरानं ऐकलं. पुढच्या वेळी अडवल्यावर त्यानं कंपासपेटी फेकून मारली, एकाच्या भुवईवर खोक पडली. त्या दिवशी शाळेनं पहिल्यांदा आमच्या घरी फोन केला. चार महिने जे चाललं होतं त्याची नोंद कुठंच नव्हती, कंपासपेटीची मात्र डायरीत लाल शाईनं झाली. कागदावर गुन्हेगार माझा पोरगा. त्या तिघांना तर आता निमित्तच मिळालं.

तालमीला पोर घालू नका असं मी म्हणत नाही, जरूर घाला. शरीर होतं, भूक लागते, मित्र मिळतात, आणि मित्र असलेलं पोर सहसा एकटं सापडत नाही. हात सोडवून घेणं, मोठ्यानं ओरडणं, लोकांत पळत येणं हे शिकवावंच. पण छळ थांबवायची जबाबदारी बारा वर्षांच्या खांद्यावर टाकून आपण लेथवर जायचं, याला तालीम म्हणत नाहीत.

‘शाळेत गेलात तर त्रास वाढतो’

मेसेजमधला सगळ्यात खरा मुद्दा हाच, म्हणून सगळ्यात घातकही. त्रास वाढतो, होय. जेव्हा बाप मधल्या सुट्टीत तरातरा वर्गात शिरून ‘कोण रे तो?’ विचारतो तेव्हा. जेव्हा मुख्याध्यापक दोन्ही पोरांना समोरासमोर उभं करून ‘हात मिळवा’ म्हणतात तेव्हा. पुन्हा तोलाचं भांडण समजूनच मिटवामिटवी होते, आणि केबिनबाहेर पडताच हिशोब चुकता केला जातो. मी पहिल्यांदा असाच गेलो होतो. तोंडी बोललो, चहा घेतला, ‘बघतो आम्ही’ ऐकून आलो. पंधरा दिवसांनी विचारलं तर ‘तुम्ही कधी सांगितलं?’

दुसऱ्यांदा एका वकील मित्राचं ऐकून गेलो. आधी पोराला विचारलं, कुणाशी बोललेलं तुला चालेल? त्यानं चित्रकलेच्या बाईंचं नाव घेतलं. मग बायकोनं एका शंभर पानी वहीत नोंदी केल्या: तारीख, जागा, कोण, काय केलं, कुणी पाहिलं. ‘सारखं मारतात’ असं नाही, तर ‘मंगळवार, मधली सुट्टी, नळाजवळ, डबा ओतला’. खरचटल्याचे फोटो, ग्रुपवरच्या घाणेरड्या मेसेजचे स्क्रीनशॉट. (मेसेज रागानं डिलीट करू नका, तोच तर पुरावा.) मार जास्त असेल तर सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, दाखवून केसपेपर जपून ठेवायचा.

मग मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज, एक पानभर. त्यात ‘कडक कारवाई करा’ एवढंच नको, कारण त्याचा अर्थ कुणालाच कळत नाही. नेमकं मागायचं: मधल्या सुट्टीत मुतारी आणि नळाजवळ मोठं माणूस उभं असावं, पोराचा बाक बदलावा, पोरांना वेगवेगळं बोलवून विचारावं, तक्रार कुणी केली ते वर्गात बोलू नये, आणि अमुक तारखेपर्यंत काय केलं ते लेखी कळवावं. अर्जाच्या झेरॉक्सवर शाळेचा शिक्का आणि सही, म्हणजे पोच. त्या शिक्क्यानं शाळेची भाषा बदलते हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तोपर्यंत ‘पोरांचं भांडण’ होतं, शिक्क्यानंतर ‘प्रकरण’ झालं.

पुढच्या सोमवारपासून मुतारीजवळ शिपाईमामा उभे राहायला लागले. एवढंसं. निम्मा त्रास तिथंच थांबला.

शाळा हलली नाही तर संस्थेचं व्यवस्थापन आणि पालक-शिक्षक संघ, मग शिक्षणाधिकारी, मग राज्य बाल हक्क संरक्षण आयोग. सीबीएसईनं 2015 मध्येच छळ रोखण्याबाबत आपल्या शाळांना सूचना दिल्या आहेत, पोर त्या बोर्डाच्या शाळेत असेल तर अर्जात त्याचा उल्लेख करा. राज्यातल्या शाळांना तक्रारपेटी ठेवायची आहे, मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समितीही नेमायची आहे. तुमच्या शाळेत ती कागदावर आहे की खरंच बसते, हे पालकसभेत उभं राहून विचारा.

‘बापाला चौकात गाठा’

हे वाचून तालमीच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त अंगठे पडले. रागाच्या भरात मीही एका रविवारी त्यातल्या एकाच्या घरी गेलो. मारामारी नाही झाली, बाप शांतपणे ऐकून घेत होता. सोमवारी माझ्याच पोरानं सांगितलं, त्या मुलाच्या पाठीवर पट्ट्याचे वळ होते. सांगताना त्याला आनंद झालेला नव्हता. मला तेव्हा उमगलं, ते पोर हे सगळं कुठून शिकलं असेल.

परक्याच्या पोराला दम देणं, कानफटात मारणं, यानं पोलिस ठाण्यात आपणच उभे राहतो आणि मूळ तक्रार बाजूला पडते. पोराचा फोटो ‘ह्याला ओळखा’ म्हणून ग्रुपवर टाकणं तर त्याहून वाईट. प्रकरण चौकशीत गेलं असेल तर मुलाची ओळख उघड करणं हाच बाल न्याय कायद्यानं गुन्हा आहे, मग तो मुलगा मारणारा असो की मार खाणारा. जे बोलायचं ते शाळेत, शाळेच्या माणसासमोर.

‘अठराच्या आत कायदा नाही’

साफ चूक. सात वर्षांच्या आतल्या मुलाचं कृत्य गुन्हा धरत नाहीत, सात ते बारामध्ये त्याला समज किती होती ते बघतात. पण अठराच्या आतल्यांसाठी 2015 चा बाल न्याय कायदा आहेच. किरकोळ बाबीत एफआयआर न होता डायरीत नोंद होते, प्रकरण बाल न्याय मंडळापुढं जातं, समुपदेशनापासून समाजसेवेपर्यंत आदेश निघू शकतात. पोलिस ठाण्यात बालकल्याण पोलिस अधिकारी नेमलेला असतो, त्यालाच विचारा. कपडे काढायला लावणं, नको तिथं हात लावणं, तसला व्हिडिओ काढणं, हे पॉक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात येतं, आणि ते कळूनही न कळवणं हा वेगळा गुन्हा आहे. असं काही असेल तर ‘शाळेची बदनामी नको’ हे वाक्य ऐकूनच घेऊ नका. जातीवरून चाललं असेल तर त्यालाही कायदा आहे. 1098 ही बालकांची हेल्पलाइन रात्रीही लागते. पोर ‘मला जगायचंच नाही’ म्हणालं तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. 14416 वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचे समुपदेशक बोलतात. अर्ज दुसऱ्या दिवशी दिला तरी चालतो.

‘शाळा बदला’

कधीकधी बदलावीच लागते, त्यात हार नाही. फक्त पोराला आधी विचारा. आम्ही विचारलं, तो म्हणाला, ‘मी कशाला जाऊ?’

हे सगळं थोडक्यात वर्गाच्या ग्रुपवर टाकलं. दोन अंगठे आले, साडूनं पुन्हा तोच वाघ पाठवला. रात्री साडेदहाला एका आईचा वेगळा मेसेज आला, नाव ओळखीचं नव्हतं: ‘दादा, अर्जात तारीख कुठं लिहायची?’

वर, उजव्या कोपऱ्यात. आणि ताई, झेरॉक्स दोन काढा.