हंगाम नाही, पण हद्द आहेच

एका लेखात म्हटलंय की टेक्ससमध्ये कायोटी (कोल्हा-लांडग्याच्या जातीचं, शेळ्यांवर पडणारं जनावर) मारायला हंगामाचं बंधन नाही, मग त्याच्यामागे शेजाऱ्याच्या जमिनीत शिरताना शेजाऱ्याला विचारायचं कशाला? अहो, जनावर कुणाचं नसलं तरी जमीन कुणाची तरी असतेच. इथे झाडावर, खांबावर जांभळा उभा पट्टा दिसला की आत पाय ठेवायचा नाही. १९९७ पासून कायद्याने तो 'प्रवेश बंद'च्या पाटीइतकाच ग्राह्य आहे. शिकार करताना जाणूनबुजून हद्दीपार गोळी मारणंही गुन्हा; शेजाऱ्याची लेखी परवानगी हवी, तोंडी "मार रे बिनधास्त" चालत नाही. आमच्या शेजारच्या शेळ्यावाल्याने तर सरळ राखणीला गाढवीण ठेवलीय. कायोटी दिसला की कान मागे टाकून अंगावर धावते, लाथा झाडते. फक्त ती एकटीच ठेवायची; जोडीला दुसरं गाढव आलं की दोघं आपल्यातच रमतात, शेळ्यांकडे बघतंय कोण!