विथ स्किन

आमच्याकडे कोंबडी रविवारी येते, काळ्या पिशवीतून येते आणि करी कट होऊन येते. माझं लग्न झालं, मुलं झाली, गृहकर्ज फिटत आलं, पण या तीन गोष्टी बदलल्या नाहीत. बदलायची काही गरजही नव्हती, हे आधीच कबूल करून टाकतो.

गडबड झाली ती एका रात्री एक वाजता. झोप येत नव्हती म्हणून मोबाइल बघत पडलो होतो. एका दाढीवाल्या गोऱ्यानं अख्खी कोंबडी ओट्यावर पालथी घातली, कात्रीनं तिचा कणा कापून बाजूला काढला, मग तिला उताणी करून छातीवर तळहात दाबला. कट्ट आवाज झाला आणि कोंबडी सपाट. पुढे पाऊण तास ओव्हन. बाहेर आली तेव्हा तिची कातडी अशी तांबूस, ताणलेली होती की त्यानं वरून सुरीचं टोक नुसतं फिरवलं तर भाजलेल्या पापडावर नख फिरवल्यासारखा खर्रर्र आवाज आला. तो आवाज मी सात वेळा ऐकला. आठव्यांदा बायको म्हणाली, "बंद कर, नाहीतर हॉलमध्ये जाऊन झोप."

या प्रकाराला बटरफ्लाय म्हणतात. इंग्रजीत स्पॅचकॉक असाही शब्द आहे, पण तो आईसमोर उच्चारल्यावर तिनं "काय लागलं का तुला?" असं विचारलं, म्हणून आम्ही घरात "फुलपाखरू"च म्हणत होतो. त्यामागचं शास्त्र मी रविवारपर्यंत इतक्यांदा सांगितलं की मुलांना पाठ झालं. अख्ख्या कोंबडीत छाती आणि मांडी यांचं पटत नाही. छाती ७४ अंशांना तयार, त्यापुढे गेली की कापूस. मांडी ८०च्या पुढे गेल्याशिवाय मऊ पडत नाही. अख्खी भाजली तर छाती वर उघड्यावर आणि मांड्या खाली अंग चोरून बसलेल्या, म्हणजे जिला कमी आच हवी तिलाच जास्त. कणा काढून सपाट केली की तंगड्या बाहेर पसरतात, सगळं एकदमच शिजतं, आणि दीड तासाचं काम पाऊण तासात होतं. शिवाय कातडी सगळी एका पातळीत वर येते. माझा जीव अडकला होता तो या कातडीत.

पहिली अडचण पंचांगाची. कातडी कुरकुरीत व्हायला हवी तर कोंबडीला मीठ चोळून ती रात्रभर फ्रिजमध्ये उघडी ठेवायची, म्हणजे कातडी सुकते. रविवारी भाजायची तर रात्र शनिवारची, आणि शनिवार मारुतीचा.

"खायची नाहीये गं, नुसती ठेवायची आहे," मी म्हणालो.

"नैवेद्याचं दूध त्याच फ्रिजात असतं ना?" आई म्हणाली. विषय संपला.

शेवटी ठरलं ते असं: रविवारी सकाळी आणायची, मीठ लावून सात-आठ तास सुकवायची, रात्री भाजायची आणि बाराच्या आत संपवायची, कारण पुढे सोमवार. बाकी बाबतींत आमच्या घरात दिवस सूर्योदयाला बदलतो, मटण-मच्छीच्या बाबतीत मात्र घड्याळाप्रमाणे बदलतो.

चिकनवाल्याला मी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. तरी रविवारी गेलो तर त्यानं मला बघताच सवयीनं एक कोंबडी घेतली आणि स्वेटर उतरवावा तशी तिची कातडी पिसांसकट उतरवली. आपल्याकडे कोंबडी बिनकातडीची मिळते ती काही तब्येतीच्या काळजीपोटी नव्हे. पिसं एकेक उपटण्यापेक्षा कातडीच ओढून काढणं झटपट होतं, म्हणून.

"भाई, स्किन पाहिजे होती."

"वेगळी देतो ना. डॉगी आहे?"

"नाही. मला पाहिजे. अंगावरच पाहिजे. अख्खी."

दुकानात रांगेतले चार जण माझ्याकडे वळून बघायला लागले. त्यानं दुसरी कोंबडी गरम पाण्यात बुडवून त्या रबरी बोटांच्या फिरत्या डब्यात टाकली, बाहेर काढली आणि सुरी उचलत म्हणाला, "तंदुरी कट? चिरा मारू?" मी जवळजवळ ओरडलोच. मग तो म्हणाला, "मग मधून फाडून देतो की." तिथेच हो म्हणालो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण कणा मला माझ्या हातांनी काढायचा होता. पावणेदोन किलोची ती अखंड, सकातडी कोंबडी त्यानं पिशवीत घातली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला डोळ्यांनीच "असतात एकेक" असं सांगितलं.

घरी येऊन बघतो तर फिरत्या डब्यातून निसटलेली पिसांची खुंटं पंखांखाली आणि शेपटाकडे तशीच उभी. दोन दिवस दाढी न केलेल्या माणसाच्या गालासारखी. बोटांनी धरली तर निसटतात. मी बाथरूमच्या कपाटातून भुवया कोरायचा चिमटा आणला आणि अर्धा तास एकेक खुंट उपटत बसलो. काम छान होत होतं. मागे बायको कधी येऊन उभी राहिली कळलं नाही.

"तो चिमटा," ती शांतपणे म्हणाली, "आता तुझा."

आता कणा. घरात कात्री एकच, दुधाच्या पिशव्या कापायची. तिनं शेपटाजवळची पहिली बरगडी कशीबशी कापली, दुसरीपाशी तिचा खिळा ढिला झाला आणि दोन्ही पाती माझ्या दोन हातांत आली. बायकोची शिवणाची मोठी कात्री कपाटात होती, पण चिमट्यानंतर तो विषय काढायची हिंमत नव्हती. मी सुरी घेतली. कोंबडी ओली, ओटा ग्रॅनाइटचा, दोघंही गुळगुळीत. ती दोनदा सिंकमध्ये गेली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा आई उठली.

आमची आई अलिबागकडची. तिनं पाट मांडला, विळी घेतली, एक गुडघा पाटावर रोवला आणि कोंबडी दोन्ही हातांत धरून शेपटाकडची बाजू पात्याला लावली. विळीची खुबी हीच की पातं जागचं हलत नाही, वस्तू पात्याकडे जाते, आणि दोन्ही हात मोकळे राहतात. कर्रर्र कर्रर्र करत ती मानेपर्यंत गेली, कोंबडी उलटी फिरवली आणि दुसऱ्या बाजूनं परत खाली आली. कणा सरळ, वीतभर, अखंड, तिच्या हातात. मिनिटसुद्धा लागलं नाही. या विळीवर तिनं आयुष्यभर सुरमया कापल्यात; कोंबडीच्या बरगड्या म्हणजे तिला कोथिंबीर.

"हा टाकायचा नाही हं," म्हणत तिनं तो कणा, मान आणि पंखांची टोकं कुकरच्या भांड्यात घेतली.

छाती मात्र मीच मोडणार होतो. कोंबडी उताणी केली, तळहात ठेवला, दाबलं. काही नाही. गोऱ्याची एका हातानं मोडली होती. मी स्टुलावर चढलो. बँकेत आम्हाला प्रथमोपचाराचं प्रशिक्षण दिलं होतं, त्यात छातीवर एकावर एक तळहात ठेवून, कोपरं ताठ करून दाब द्यायला शिकवलं होतं. तसा दिला. कट्ट!

"बाबा," मुलीनं दारातून विचारलं, "ती की तू?"

ती होती. माझा मणका त्या दिवशी सुदैवानं शाबूत राहिला. कोंबडी आता ताटात तंगड्या फाकवून, गुडघे आत वळवून, दुपारी जेवून बनियनवर पडलेल्या मामासारखी पसरली होती. जगातल्या कुठल्याही फुलपाखरानं हे नाव परत मागितलं असतं.

मीठ आणि मिरी चोळायला घेतली आणि घरात खरा वाद सुरू झाला.

"नुसतं मीठ-मिरी?" आई. "कुणी आजारी आहे का?"

मी ओल्या वाटणानं कातडी सुकत नाही वगैरे सांगितलं. शेवटी वाटणी झाली. कोंबडी मधोमध सपाट असल्यामुळे सीमारेषा आयतीच होती: उजवी बाजू माझी, डावी आईची. मला वाटलं ती वरून मसाला थापणार. तिनं तसं केलं नाही. मानेकडून कातडीखाली दोन बोटं घातली, हलकेच फिरवून कातडी मांसापासून सुटी केली आणि आलं-लसूण, हळद, घरचा मसाला सगळं आत सारलं. वरून कातडी परत खाली, जसं काही घडलंच नाही.

"वरून लावून काय तिला हळद लावायची आहे?" ती म्हणाली.

दिवसभर फ्रिजच्या मधल्या कप्प्यात कोंबडी उघडी पडून होती आणि घरातला प्रत्येक जण पाणी घ्यायला दार उघडून "अगं बाई" म्हणून बंद करत होता.

आमचा ओटीजी २०२०च्या लॉकडाऊनमध्ये घेतलेला. त्यात दोन केक झाले, त्यानंतर तो तवे ठेवायचं कपाट झाला. तवे बाहेर काढले, २२० अंशांवर तापवला, ताट आत सरकवायला गेलो तर शिरेना. अख्खी कोंबडी आपली जागा राखून बसते, पसरलेली कोंबडी जागा मागते. हे गोऱ्यानं सांगितलं नव्हतं, त्याच्या ओव्हनमध्ये आमची मोरी मावली असती. शेवटी ट्रे तिरपा केला, तंगड्या सुतळीनं जवळ बांधल्या, तरी डाव्या तंगडीचं टोक मागच्या भिंतीला टेकलंच. विसाव्या मिनिटाला चरबी खाली गळून तापल्या पत्र्यावर पडली आणि धूर. खिडक्या, एक्झॉस्ट, सगळं चालू. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, "कुणाकडे काही जळतंय का? प्लीज चेक." मीही खाली अंगठा टाकून मोकळा झालो.

शिजली की नाही हे बघायला आत खुपसायचं थर्मामीटर लागतं. ते नव्हतं. मुलानं तापाचं आणून दिलं. ते ४२च्या पुढे जात नाही, आणि जिवंत कोंबडीच्याच अंगाचं तापमान ४१च्या वर असतं. म्हणजे त्यानं फार तर कोंबडी ठणठणीत आहे एवढंच सांगितलं असतं. आई म्हणाली, "आमच्या पोपटीला कुठं थर्मामीटर होतं?" थंडीत तिच्या गावी मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा आणि मसाला लावलेली कोंबडी भरायची, मडकं पालथं घालून भोवती जाळ करायचा, आणि वर पाण्याचा हबका मारायचा. चर्र झालं की झाली. ओटीजीवर हबका मारायला मी तिला मनाई केली. तिनं मग मांडीच्या सांध्यात सुरीचं टोक खुपसलं, बाहेर आलेलं पाणी बघितलं, गुलाबी नव्हतं. "काढ," ती म्हणाली.

काढली. आणि खरं सांगतो, मस्त दिसत होती. डावी तंगडी टोकाला कोळसा झाली होती, बाकी सगळी तांबूस, ताणलेली. मी सुरीचं टोक फिरवलं. खर्रर्र. त्या क्षणी मला दुसरं काही नको होतं.

पानं मांडली. माणसं पाच, तंगड्या दोन. करी कट आणताना आम्ही तीन लेगपीस जादा टाकून आणतो, हे अख्ख्या कोंबडीच्या नादात विसरलोच होतो. एक मुलानं घेतली, एक मुलीनं, आणि उरलेल्या घरानं छातीचं कौतुक सुरू केलं. दरम्यान कुकर उघडला होता. कण्याची आळणी, पिवळीधम्मक, वर तुपासारखे चरबीचे डोळे. भातावर पहिली वाढी, दुसरी वाढी. तिसऱ्या वाढीला भांडं पालथं. मला अर्धी वाटी मिळाली. जो भाग मी टाकून देणार होतो, तो सगळ्यात आधी संपला.

पण माझं लक्ष दुसरीकडेच होतं. आईनं तुकडा पानात घेतला, दोन बोटांनी कातडी अलगद सोलली आणि मीठ-लिंबाच्या शेजारी ठेवली. खालचा मसाला जागच्या जागी. बायकोनं तेच केलं. मुलानं, मुलीनं. संत्र्याची साल काढताना माणूस विचार करतो का? तसंच.

"अरे, ती खायची असते!"

"कातडी?" मुलगी म्हणाली. "ई."

जेवणानंतर तिनं मोबाइलवर स्पॅचकॉक शोधलं आणि वाचून दाखवलं. १७८५ सालच्या एका इंग्रजी कोशात तो शब्द आहे. अचानक पाहुणे आले की करायचा आयरिश पदार्थ. कोंबडी खुराड्यातून काढायची, मारायची, लगेच तिची कातडी काढायची, मधून चिरायची आणि भाजायची.

"कातडी काढायची," ती पुन्हा म्हणाली. "बघ, आजीसारखंच."

साडेअकराला सगळे झोपले. भांडी आवरायला स्वयंपाकघरात गेलो तर ओट्यावर एका ताटलीत पाचही पानांवरची कातडी गोळा करून ठेवलेली. पाचवी माझ्या पानातली; चिडून मीही ती तशीच ठेवून उठलो होतो. दिवा न लावता मी एक तुकडा उचलला. गार झाली होती, पण माझ्या बाजूची अजून वाजत होती. दुसरा उचलला. मागे पाण्याचा हंडा वाजला. आई.

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"अजून वीस मिनिटं आहेत," ती म्हणाली. "सावकाश खा, ठसका लागेल."