मालकाचं उत्तर: 1956ची नोमॅड आणि तुमचे दोन स्टार

नमस्कार साहेब. तुम्ही मराठीत लिहिलंत, मीही मराठीतच लिहितो. आमच्या मिशिगनच्या बाकी गिऱ्हाइकांना नाही कळलं तरी हरकत नाही.

तुमची 1956ची शेवरोले नोमॅड, म्हणजे दोन दारांची स्टेशन वॅगन, आम्ही नवं इंजिन घालून पुन्हा उभी केली. तिच्यावरून आमच्या गॅरेजला दोन स्टार देताना तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वर्षात देतो म्हणून 19 महिने लावले, बिल फुगवलं, पावसात मागून पाणी येतं, हायवेवर आत इतकं घुमतं की मुलांचं डोकं उठतं, आणि एवढं करून जुन्या शेवरोलेचं काही उरलंच नाही.

घुमण्यापासून सुरुवात करतो, कारण ती चूक सरळसरळ माझी. स्टेशन वॅगनला डिकीची भिंत नसते. डॅशबोर्डपासून मागच्या काचेपर्यंत एकच पोकळी, म्हणजे ढोलच. त्यात 6.2 लिटरचं एलएस3, म्हणजे शेवरोलेचंच आधुनिक व्ही-8 इंजिन, आणि मी हौसेनं निवडलेले सायलेन्सर. गावात 40च्या वेगानं फिरवली, आवाज झकास वाटला, खूश झालो. घुमते ती 70 मैलांवर, टॉप गिअरमध्ये इंजिन निवांत असताना, आणि तिथं मी ती पुरेशी चालवलीच नाही. कोल्हापुरात उद्यमनगरच्या गॅरेजात असं केलं असतं तर वडिलांनी पाना फेकून मारला असता. दोन्ही सायलेन्सर बदलतो, मध्ये रेझोनेटर, म्हणजे घुमणारा सूर दाबणारा डबा, टाकतो. पैसे घेणार नाही.

बिलाचं मात्र मान्य नाही. गाडी तुम्ही फोटो बघून घेतली होती. डाव्या मागच्या चाकावरच्या कमानीला मी चुंबक लावला, तो टपकन खाली पडला. खरवडलं तर बोटभर पुट्टी, आणि पुट्टीखाली पत्राच नाही. स्टेपनीच्या खड्ड्याची तीच गत. इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. माणूस खाल्ल्या मिठाला जागतो, गाडी सडते. त्यात ही दोन दारांची नोमॅड 1955 ते 57 अशी तीनच वर्षं निघाली. पुढचा पत्रा साध्या शेवरोलेचा चालतो, मागच्या अर्ध्या भागाला तो चालत नाही. त्याच संध्याकाळी फोटो आणि वाढीव खर्च पाठवला, तुमचं ‘करा’ आलं, मगच कटर लावला.

पण तारीख सरकणार हे मला तेव्हाच कळलं होतं आणि तुम्हाला सांगायला मी दोन महिने लावले. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटजवळच्या वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांचा मेळा भरतो, त्या ड्रीम क्रूझला ही गाडी न्यायची म्हणून तुम्ही भावाला पुण्याहून बोलावलं होतं. ते हुकलं. याची भरपाई माझ्याकडे नाही. माफ करा.

पाणी ही नोमॅडची जन्मखोड. 1954च्या मोटोरामात, म्हणजे जनरल मोटर्सच्या गाड्यांच्या प्रदर्शनात, कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारवरून बेतलेली वॅगन मांडली होती, तिच्यावरून हे छप्पर आणि तिरकं मागचं दार आलं. दिसायला देखणं, पण नव्या गाड्याही गळायच्या. आम्ही नवं रबर बसवून त्यावर खडू घासला आणि झडप मिटून पाहिली. पट्टा सगळीकडे उमटला, उजव्या कोपऱ्यात पुसट होता. तिथं पुन्हा हात घालायला हवा होता. घालतो. तरी धो धो पावसात थेंबही येणार नाही असं लिहून देणार नाही.

राहिलं ‘जुनं काही उरलं नाही’. साहेब, 430 अश्वशक्ती तुम्ही मागितलीत. तेवढी ताकद 1956च्या चार ड्रम ब्रेकांवर सोडून चावी तुमच्या हातात दिली असती तर मला झोप लागली नसती. म्हणून डिस्क ब्रेक, म्हणून नवं स्टिअरिंग. तुमच्या आजोबांची शेवरोले शिवडीच्या कारखान्यात जोडलेली. तो 1954 मध्ये बंद झाला, म्हणजे गाडी त्याच्या आतली. तिची चाल आणि ही ताकद एका गाडीत मलाही बसवता येत नाही. मागच्या झडपेवरच्या सातही क्रोम पट्ट्या मात्र जुन्याच आहेत. नव्या लावल्या असत्या तर तीन आठवडे वाचले असते.

आणि तुमचं मूळ 265 घनइंचांचं इंजिन आमच्या रॅकवर तेल लावून, गुंडाळून ठेवलंय. सायलेन्सरसाठी मंगळवार-बुधवारी या, आधी आपण दोघं हायवेवर 70नं एक चक्कर मारू. इंजिन न्यायचं असेल तर कुणाचा तरी पिकअप सोबत आणा.