होय, मी अंगठेबहाद्दर

"रोबोट."

काल रात्री ऑनलाइन शूटिंग गेमचं शेवटचं, आकसलेलं वर्तुळ. आमचे दोघे मेलेले, समोरचेही दोघे मेलेले, मधे एक खडक, त्याच्या अलीकडे मी, कन्सोलवर कंट्रोलर धरून, आणि पलीकडे तो, पीसीवर माउस-कीबोर्ड घेऊन. शॉटगनचे दोन बार, तो आडवा, स्क्रीनवर विजयाची सोनेरी पाटी. आणि ती पाटी पुरती उमटायच्या आत चॅटमध्ये हा एक शब्द. मग धडाधड पुढचं. तू नाही मारलंस, एम असिस्टनं मारलं (म्हणजे कंट्रोलरवाल्याचा नेम समोरच्याकडे थोडा ओढून देणारी गेमची मदत). अंगठे बाजूला ठेव, माउस धरायला शीक. आणि शेवटी ते जगातलं सगळ्यात नालायक दोन अक्षरी थुंकणं: "ईझी".

ईझी? अरे हरलायस तू! जमिनीवर पडलायस! पडलेल्या माणसाला नेमकं काय ईझी गेलं? जिंकून ईझी म्हणणारे मला डोक्यात जातात, पण हरून ईझी म्हणणारी ही जात नवीनच निघाली आहे, आणि ती फक्त कीबोर्डवरच पैदा होते.

आता याला उत्तर नको द्यायला? द्यायलाच हवं. पण त्याच्या दहा बोटांखाली कीबोर्ड आणि माझ्या स्क्रीनवर तो अक्षरांचा तक्ता. उजवीकडे, उजवीकडे, खाली, दाबा. एक अक्षर. डावीकडे पाच घरं, वर, दाबा. दुसरं अक्षर. मधेच अंगठा घसरून स्पेस पडली, ती खोडायला गेलो तर अख्खा शब्द उडाला. त्यात माझ्या डोक्यात आलेलं उत्तर "नाचता येईना अंगण वाकडं", आणि रागाच्या भरात मी ते इंग्रजीत बसवायला निघालेलो. "डान्स"पर्यंत कसाबसा पोचलो तेवढ्यात खाली ओळ आली: खेळाडू लॉबी सोडून गेला आहे.

म्हणजे जगाच्या पाठीवर कुठेतरी एक माणूस मला रोबोट म्हणून शांत झोपला, आणि मी हातात कंट्रोलर धरून अर्धवट "डान्स"कडे बघत बसलो.

मुळात आम्ही कन्सोलवाले पीसीवाल्यांच्या लॉबीत, म्हणजे खेळाडू जमतात त्या खोलीत, गेलोच कशाला? कारण आमच्या तिघांत एक पीसीवाला आहे. एक जरी असला की अख्खी टीम तिकडे. एपेक्स लेजेंड्स या गेममध्ये २०२० साली क्रॉसप्ले, म्हणजे पीसी आणि कन्सोलवाल्यांनी एकत्र खेळायची सोय, आला तेव्हापासून हाच कायदा आहे, बाकीच्या गेमांनीही थोड्याफार फरकानं तोच उचलला. आणि हा आमचा मित्र म्हणजे एक स्वतंत्र प्रकरण. आम्ही दोघं बटण दाबून तीस सेकंदांत लॉबीत हजर. हा?

"आलास का रे?"

"शेडर कंपाइल होतायत. एकाहत्तर टक्के."

"आणि आता?"

"बहात्तर."

दर अपडेटनंतर हेच, गेमची चित्रं रंगवणारे प्रोग्राम पुन्हा बांधून होईपर्यंत थांबायचं. मग ड्रायव्हर, मग फाइल तपासून बघतो, मग आवाज भलत्याच हेडफोनमध्ये जातोय. आणि हे सगळं उरकून आत आला की पहिलं वाक्य काय, तर "तुम्ही लोक साठ एफपीएसवर, सेकंदाला नुसत्या साठ चित्रांवर, खेळता तरी कसे?" अरे, खेळतो! तू टक्के मोजत असतोस तेव्हा आम्ही खेळत असतो!

पीसीवाल्यांच्या लेखी आम्ही अंगठेबहाद्दर. साक्षर तेवढे ते, कारण कीबोर्ड त्यांच्याकडे. यांच्यात काहीही विचारा, आधी स्पेक्स सांगा, म्हणजे तुमच्या मशीनमध्ये काय काय बसवलंय ते. गेम अडकतोय? स्पेक्स. सर्व्हर बंद आहे? स्पेक्स. सर्व्हर त्यांचा बंद आहे रे बाबा, माझं ग्राफिक कार्ड त्यात काय करणार? आणि तत्त्वनिष्ठा तर विचारूच नका. २००९ मध्ये मॉडर्न वॉरफेअर २ च्या पीसी आवृत्तीतून डेडिकेटेड सर्व्हर (खेळाडूंना स्वतः चालवता येणारे वेगळे सर्व्हर) काढले म्हणून यांनी स्टीम या गेमच्या दुकानावर बहिष्काराचा ग्रुप काढला होता. गेम आला त्या दिवशीचा त्या ग्रुपचा स्क्रीनशॉट अजून फिरतो. सदस्यांच्या नावापुढे काय दिसतंय? मॉडर्न वॉरफेअर २ खेळत आहे. ओळीनं, एकाखाली एक. आणि हे आम्हाला शिकवणार.

चीटरचा विषय तर मी काढतच नाही. बरं, काढतो. भिंतीपलीकडचं दिसणारे, डोक्याला चिकटलेला नेम घेऊन फिरणारे, हे सगळं पीक कुणाच्या शेतात येतं? यांच्या. त्यांना धरायला थेट कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, बसणारे अँटी-चीट प्रोग्राम आणावे लागले. व्हॅलोरंट या गेमचं व्हॅनगार्ड २०२० पासून विंडोज सुरू होतानाच जागं होऊन बसतं. त्यावर हे लोक खाजगीपणाच्या नावानं चार दिवस गळा काढतात आणि पाचव्या दिवशी इन्स्टॉल करतात. आणि या लॉबीतला माणूस मला रोबोट म्हणतो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

आता आमच्याकडचे लगेच टाळ्या पिटायला नकोत. तुमचीही पाळी आहे.

ते क्रोनस आणि झिम नावाचे डबे कोण लावतं? झिम लावून माउसनं खेळायचं, पण कन्सोलला सांगायचं की हा कंट्रोलर आहे बरं का. म्हणजे नेम माउसचा आणि वर एम असिस्टही. दोन्ही हातांत लाडू. त्या प्राण्याशी गाठ पडली की ओळखू येतो, एकशे ऐंशी अंशांत गर्रकन फिरतो आणि वर हातही हलत नाही. त्याला रिपोर्ट केलं की काय कारण निवडायचं, ते यादीत नसतंच. कॉल ऑफ ड्यूटीवाल्यांनी २०२३ मध्ये असल्या डब्यांना धरायला सुरुवात केली, पण तोवर आम्ही किती रात्री जाळल्या त्याचा हिशोब कुणी द्यायचा?

आणि ते उघडे माइक! पीसीवर निदान बटण दाबल्याशिवाय बोलायचं नाही अशी काहीतरी रीत आहे. कन्सोलवाला माइक चालू करतो तो आयुष्यभरासाठी. त्याच्या पंख्याचा आवाज, त्याच्या टीव्हीतून येणारा माझाच आवाज, त्याचं खाणं, सगळं माझ्या कानात. आणि नेमकं "तो डावीकडे आहे रे" हे सांगायच्या क्षणी हा माणूस मुका. कारण तो त्याच्या तीन मित्रांबरोबर वेगळ्या पार्टी चॅटमध्ये बसलेला असतो. एक्सबॉक्स ३६० वर २००८ च्या अखेरीस ती पार्टीची सोय आली, आणि लॉबीत शिव्या का होईना पण माणसं एकमेकांशी बोलायची, ते संपलं. (होय, मला त्या शिव्यांची आठवण येते. हे कबूल करायला लाज वाटते आहे, पण येते.)

शिवाय आम्ही भाडं भरतो. २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आला आणि विकत घेतलेला गेम ऑनलाइन खेळायला वर प्लेस्टेशन प्लसची वर्गणी लागायला लागली. एक्सबॉक्सवर तर ही प्रथा २००२ पासून. पीसीवाला हे ऐकलं की असा दयेनं बघतो, जणू आम्ही श्वास घ्यायचेही पैसे देतो. २०११ मध्ये हॅकिंगनंतर प्लेस्टेशन नेटवर्क तेवीस दिवस बंद होतं, जवळपास ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती धोक्यात, आणि तेव्हा यांचे जोक काय होते ते मी विसरलेलो नाही. एकही नाही. तेव्हापासून डोक्यात आहे.

तर सांगत काय होतो, तो कालचा. मी ठरवलं, याला पुरावाच तोंडावर मारायचा. क्लिप सेव्ह झालेली होती. लावली. हळू केली. अकरा वेळा बघितली.

पहिल्या बाराला काही शंका नाही, तो माझाच. दुसऱ्या बाराच्या आधी मी घाबरून उडी मारली आहे. आता ज्यांनी कंट्रोलर धरला आहे त्यांना पुढचं कळलंच असेल. उडीचं बटण दाबायचं तर उजवा अंगठा स्टिकवरून उचलावा लागतो. म्हणजे ज्या अंगठ्यानं नेम धरायचा तो नेमाच्या स्टिकवर नव्हताच. डाव्या अंगठ्यानं मी नुसता आडवा पळतोय, समोरचा उजवीकडे सरकतोय, आणि क्रॉसहेअर, ती नेमाची खूण, गुपचूप, सावलीसारखं, त्याच्याबरोबर सरकतंय. माणसाला डोळ्यांनी दिसून हात हलेपर्यंत साधारण २०० मिलिसेकंद लागतात म्हणे. एम असिस्टच्या त्या बिचाऱ्या कोडला तेवढाही वेळ लागला नाही. तोवर मी हवेत होतो, अंगठा बटणावर, आणि क्लिपमध्ये कैद झालेला माझा आवाज, जो मी इथे शब्दांत लिहिणार नाही.

बाराव्यांदा बघितली नाही. डिलीट केली. पुरावा ठेवायचा नसतो.

पण म्हणून तो बरोबर ठरत नाही! त्याच्याकडे अख्खा हात आहे, मनगट, खांदा, टेबलभर माउसपॅड. माझ्याकडे अंगठ्याचं एक पेर. लांबून मारायला माउस, जवळून मारायला ही मदत, एवढा साधा सौदा आहे. एपेक्समध्ये कन्सोलला ०.६ आणि पीसीच्या लॉबीत ०.४ एवढं एम असिस्ट बरीच वर्षं होतं, आणि त्या दशांश दोनवरून लोकांनी जितकं डोकं फोडलं तितकं मी तरी कुठल्या पगारवाढीवरून फोडलेलं बघितलं नाही.

आणि गंमत म्हणजे हे सगळं मीच मागितलेलं. २०१८ पर्यंत सोनी दार उघडत नव्हती, तेव्हा "क्रॉसप्ले द्या, सगळ्यांना एकत्र खेळू द्या" म्हणून ओरडणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे. सप्टेंबरात फोर्टनाइट या गेमला परवानगी मिळाली तर मी नाचलो होतो. पहिल्याच आठवड्यात चौदा जणांना चीटर म्हणून रिपोर्ट केलं. ते बहुधा नुसते माउसवाले होते.

तर आज मी आणि दुसरा कन्सोलवाला, दोघांनी ठरवलं. पीसीवाल्याला सांगायचंच नाही. क्रॉसप्ले बंद. आपल्यात आपण. सेटिंगमध्ये जाऊन बंद केला, गेम लावला, आणि लॉबी शोधतोय. पहिल्या मिनिटाला बरं वाटलं. चौथ्या मिनिटाला मी हे लिहायला घेतलं.

थांबा, मिळाली. पिंग दोनशेचाळीस, म्हणजे माझं प्रत्येक बटण उशिरा पोचणार.

आणि कुणाचातरी पंखा ऐकू येतोय.