अर्ज कुठे द्यायचा, एवढं तरी धड सांगा!

डोकं फिरलंय माझं. नोकरी गेली, ते कसंबसं पचवलं. पण बेकारी भत्त्याचा अर्ज नेमका कुठे द्यायचा, या एका प्रश्नासाठी तीन आठवडे हेलपाटे घालतेय!

मी राहते एकीकडे, कामाला जायचे दुसरीकडे, कंपनीचं मुख्य कार्यालय तिसरीकडे. राहत्या ठिकाणच्या खिडकीवर म्हणाले, "काम जिथे केलंत तिथे जा." गेले. दोन तास टोकन मुठीत धरून बसले. खिडकीतल्या बाईंनी अर्ज हातात घेतला, माझ्या पत्त्याभोवती निळ्या पेनाने गोल काढला आणि कागद परत सरकवला. "हे आमच्याकडे येत नाही." मग कुणाकडे येतं? "तिकडे विचारा." अहो ताई, तिकडूनच तर आले ना मी! म्हटलं, हेच अर्जावर लिहून सही-शिक्का द्या. तर म्हणे तशी पद्धत नाही. तोंडाने हाकलायची पद्धत आहे, लेखी द्यायची नाही.

दर महिन्याला पगारातून विम्याचे पैसे कापले जायचे, तेव्हा कुणी विचारलं नाही की बाई, तू राहतेस कुठे. आता द्यायची वेळ आली तर सगळ्यांना हद्दी आठवल्या.

आणि हे नियम कुणाला आपोआप कळणार आहेत? अमेरिकेत सहसा ज्या राज्यात काम केलं तिथे अर्ज करायचा, राहता कुठेही असलात तरी. युरोपीय संघात रोज सीमा ओलांडून कामाला जाणाऱ्याची नोकरी पूर्ण सुटली, तर अर्ज राहत्या देशात, आणि विमा भरल्याचा दाखला मात्र कामाच्या देशातून आणायचा. एकीकडे एक, दुसरीकडे बरोबर उलटं. नोकरी गेलेल्या माणसाने आधी कायद्याचा अभ्यास करायचा का?

सगळ्यात जास्त चीड येते ती तारखेची. बऱ्याच ठिकाणी भत्ता नोकरी गेल्यापासून धरत नाहीत, अर्ज दाखल झाल्यापासून धरतात. म्हणजे चुकीच्या खिडकीवर गेलेला प्रत्येक आठवडा आपल्या खिशातून जातो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५२ सालच्या १०२ क्रमांकाच्या करारात सुरुवातीचे सात दिवस भत्ता न देण्याची मुभा आहे. सात दिवस! माझे एकवीस नुसत्या टोलवाटोलवीत गेले. घरभाडं थांबतं का तोवर? विजेचं बिल थांबतं?

माणूस पहिल्यांदा ज्या खिडकीवर येईल तिथेच अर्ज घ्या, त्याच दिवसाची पोचपावती द्या, आणि पुढे कुठे पाठवायचा ते तुमचं तुम्ही बघा. फायली तुमच्या, हद्दी तुम्ही आखलेल्या. त्या आम्ही का पायाने मोजायच्या?