दिवा लागला आणि लाथ बसली

कालची गोष्ट आहे आणि राग अजून उतरलेला नाही. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. घोड्याच्या नालेत अडकलेलं उद्गारचिन्ह. पुस्तिका म्हणते, हा टायरचा उभा छेद, म्हणजे टायरमधली हवा कमी आहे. गाडी चालवणारा माणूस टायर उभा कापून कधी बघतो, कोण जाणे.

हवा भरायला गेलो. हवा भरणाऱ्या पोराला दिव्याचं सांगतोय तोवर मागच्या गाडीतून एक गृहस्थ उतरले आणि उत्तर द्यायचं काम त्यांनी आपल्याकडे घेतलं.

"कुठलं चाक?"

"ते नाही दाखवत."

"मग दाखवतं काय?"

यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. वर्गात गडबड कोण करतंय ते न सांगता सगळ्या वर्गाला उभं करणाऱ्या मास्तरांसारखा हा दिवा!

मग त्यांनी माझ्या टायरला लाथ घातली. तबला लावताना करतात तशी मान कलती करून ऐकलं. "बत्तीस." दुसरी लाथ. "तेहेतीस." तिसरी. "हा चढलाय जरा." मागच्या डाव्या चाकापाशी वाकले, व्हॉल्व्हचं टोपण काढून त्यात डोकावले, मग लाथ. "हाही बत्तीस. पण थकलाय."

पोराने गेज लावलं. थकलेल्यात २४ पीएसआय निघाले; पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप. दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरवर ३३ लिहिलंय.

"गेज खोटं आहे," गृहस्थ म्हणाले.

इथे गप्प बसायला हवं होतं. पण मला समजावून सांगायचा रोग आहे. म्हटलं, अहो, काही गाड्यांत प्रत्येक चाकात व्हॉल्व्हला सेन्सर असतो, तो आतली हवा मोजून रेडिओवरून कळवतो. त्याची बॅटरी पाच-दहा वर्षांनी संपली की बहुतेक वेळा अख्खा सेन्सरच बदलायचा. माझ्या गाडीत तोही खर्च वाचवलाय. इथे हवा कोणी मोजतच नाही! एबीएसचे, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे सेन्सर चाकांचे फेरे मोजतात. हवा कमी झाली की टायर बसतो, त्रिज्या घटते, मग तेवढंच अंतर कापायला त्या चाकाला जास्त फिरावं लागतं. त्यावरून गाडी संशय घेते.

"म्हणजे ज्याच्यात दम कमी, तो जास्त पळतो?"

"हो."

"आमच्या ऑफिसात तसंच आहे." मग डोळे बारीक करून, "आणि चारही सारखेच बसले तर?"

माझी बोलती बंद. कारण साध्या यंत्रणेत तसं झालं तर दिवा लागतच नाही. ती फक्त शेजाऱ्याशी तुलना करते. थंडीत पारा १० अंश उतरला की साधारण २ पीएसआय उतरतात, चारही चाकांत. आणि ही बाई गप्प. टायर फाटून झालेल्या अपघातांनंतर अमेरिकेने २००० साली कायदा केला, पुढे २५ टक्के हवा उतरली की इशारा मिळालाच पाहिजे असा नियम आला. ते सगळं ठीक. पण 'मागचं डावं' एवढे दोन शब्द बोलायला काय जातं? गाणं कुठलं वाजतंय ते ठळक अक्षरांत दाखवता की!

हवा भरली. दिवा तसाच. गृहस्थांचा चेहरा उजळला. "बघू," म्हणत ते खिडकीतून कमरेपर्यंत आत आले आणि तोल सावरायला स्टिअरिंगशेजारी हात टेकला. काही सेकंदांनी टुंग झालं. दिवा लुकलुकला, विझला.

"सैल होता," ते म्हणाले.

त्यांचा अंगठा रीसेटच्या बटणावर होता! त्या बटणाचा अर्थ एवढाच, की आत्ता आहे ती हवा बरोबर समज आणि पुढची तुलना तिच्याशी कर. हवा न भरता दाबलं असतं तरी त्याने २४ सुद्धा बिनतक्रार मान्य केले असते. हे मी सांगणार होतो, पण रांगेतली माणसं त्यांच्याकडे बघून माना डोलवत होती, आणि पुढच्या गाडीवाल्याने त्यांना आपला टायर दाखवायला बोलावलंही होतं.

घरी येऊन पाहिलं तर मागच्या डाव्या व्हॉल्व्हला टोपण नाही. बोलताना ते बोटांत फिरवत होते, आता आठवतंय.